पाकिटावरची प्रत्येक ओळ कुठून येते? खाद्यपदार्थांचं लेबल, जाहिरात आणि आयातीचे नियम सोप्या भाषेत

खाद्यपदार्थाच्या पाकिटावरचा मजकूर एकाच कायद्यातून येत नाही, आणि निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. घटकांची यादी, पोषणमूल्यं, हिरवा ठिपका, अ‍ॅलर्जीची सूचना, परवाना क्रमांक आणि तारखा एफएसएसएआयच्या, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. त्यांचा मुख्य आधार म्हणजे २०२० चे लेबलिंग आणि डिस्प्ले विनियम. एमआरपी, निव्वळ वजन, प्रति ग्रॅम भाव आणि ग्राहकाने तक्रार कुठे करायची हा तपशील वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) खात्याचा, २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांखालचा. 'शुगर फ्री', 'नैसर्गिक', 'प्रोटीनयुक्त' असे दावे २०१८ च्या जाहिरात आणि दावे विनियमांत येतात. माल परदेशातून आणत असाल तर त्यात २०१७ चे आयात विनियम आणि कस्टम यांची भर पडते.

महाराष्ट्रात पहिला भाग तपासतो अन्न व औषध प्रशासनाचा अन्न सुरक्षा अधिकारी आणि दुसरा भाग वैधमापनचा निरीक्षक. एकाने पाकीट पाहून हरकत घेतली नाही, तरी दुसरा त्याच पाकिटावर नोटीस काढू शकतो.

लेबल चुकतं त्यामागे बहुतेक वेळा फसवण्याचा हेतू नसतो. रेसिपी बदलते, पुरवठादार बदलतो, नियम बदलतो आणि पाऊचचा छापील रोल मात्र जुनाच संपवला जातो. म्हणून सुरुवात लेबलच्या फाइलपासून करावी. प्रत्येक पाकिटासाठी एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात लेबलवरची ओळ जशीच्या तशी लिहा, दुसऱ्यात ती कोणत्या विनियमामुळे आहे ते, तिसऱ्यात तिचा पुरावा (रेसिपीचा कागद, लॅबचा रिपोर्ट, पुरवठादाराचं स्पेसिफिकेशन) आणि चौथ्यात शेवटच्या तपासणीची तारीख. पुढे नियम बदलला की सगळं लेबल नव्याने वाचत बसावं लागत नाही. त्या विनियमाच्या ओळी तेवढ्या शोधायच्या.

एक पाकीट उलगडून

समजा, २०० ग्रॅम शेंगदाणा चटणीचं पाकीट आहे. त्यात १५० ग्रॅम शेंगदाणे, २० ग्रॅम लाल तिखट, १२ ग्रॅम लसूण, १० ग्रॅम तीळ आणि ८ ग्रॅम मीठ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायचे, आणि वजन धरायचं ते बनवताना घातलेलं. त्यामुळे यादी याच क्रमाने येईल. उद्या लसणाचा भाव वाढला म्हणून लसूण ९ ग्रॅमवर आणला, तर तो तिळाच्या खाली जातो आणि छापलेला क्रम चुकीचा ठरतो. रेसिपीतला तीन ग्रॅमचा फरकही लेबलपर्यंत पोहोचतो, तो असा.

भाषेचा मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावा लागतो. लिपी तीच असली तरी मराठी त्यात बसत नाही. मराठी मजकूर जास्तीचा म्हणून जरूर द्या, फक्त तो मूळ मजकुराशी विसंगत असता कामा नये. संपूर्ण मराठी लेबल छापून बाजारात आलेले बचत गटाचे चांगले पदार्थ केवळ या कारणाने अडकू शकतात, आणि याचं वाईट वाटतं, कारण ही चूक छपाईआधी पाच मिनिटांत सुधारता येते.

अ‍ॅलर्जीच्या सूचनेसाठी आपल्याकडे आठ गट आहेत: ग्लुटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट. चटणीवर 'शेंगदाणे आहेत' ही सूचना वेगळी द्यावी लागेल, मग नावातच शेंगदाणा का असेना. त्याच कट्ट्यावर काजूची बर्फीही बनत असेल तर 'काजूचा अंश असू शकतो' अशी ओळ त्याखाली द्यावी.

सर्वांत जास्त चुका लपलेल्या अ‍ॅलर्जनच्या, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांच्या बाबतीत होतात. लोणच्यात घालतो ते बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंग नव्हे, त्यात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. एखाद्या मिश्र घटकाचं प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याचे उपघटक लिहिण्यातून सूट मिळते, आणि या सुटीवर विसंबून लोक हिंगातला गहूही वगळतात. सूट यादीपुरती आहे, अ‍ॅलर्जनची सूचना तिने टळत नाही. म्हणजे चिमूटभर हिंगामुळे कैरीच्या लोणच्यावर 'गहू आहे' हे लिहावं लागतं. सोया सॉसमधला गहू आणि सोनेरी बेदाण्यांवरची सल्फर डायऑक्साइडची प्रक्रिया हीसुद्धा अशीच निसटणारी उदाहरणं. उपाय एकच: प्रत्येक तयार घटकाच्या पाकिटाची मागची बाजू वाचायची, तिचा फोटो फाइलला लावायचा आणि ब्रँड बदलला की पुन्हा वाचायची.

परदेशी माल पाठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ही यादी सगळीकडे सारखी नाही. तीळ आपल्या आठांत नाहीत, पण अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून ते नववं प्रमुख अ‍ॅलर्जन आहेत. युरोपीय संघाच्या यादीत चौदा नावं आहेत आणि त्यांत तीळ व मोहरी दोन्ही येतात. म्हणजे तिळाची चिक्की आणि लोणचं इथलंच लेबल लावून तिकडे जाऊ शकत नाही.

रंग, प्रिझर्व्हेटिव्ह वगैरे असेल तर आधी त्याचं काम आणि मग नाव किंवा आयएनएस क्रमांक (अशा पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), असं लिहायचं. नुसतं 'प्रिझर्व्हेटिव्ह' पुरत नाही. सोडियम बेंझोएट वापरलं असेल तर 'प्रिझर्व्हेटिव्ह (आयएनएस २११)'.

पोषणमूल्यांचा तक्ता

ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण फॅट, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम हे आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे द्यायचे. शिवाय एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो तेही. या टक्क्यांसाठी आधाराचे आकडे ठरलेले आहेत: २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण फॅट, २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम.

आपल्या चटणीत २०० ग्रॅमला ८ ग्रॅम मीठ आहे, म्हणजे १०० ग्रॅमला ४ ग्रॅम. मिठात वजनाच्या साधारण ३९ टक्के सोडियम असतं, म्हणून १०० ग्रॅम चटणीत सुमारे १५७० मिलिग्रॅम. सर्व्हिंग २० ग्रॅमची धरली तर ३१४ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या सुमारे १६ टक्के. फॅट १०० ग्रॅमला ४० ग्रॅम आलं, तर सर्व्हिंगमध्ये ८ ग्रॅम, म्हणजे १२ टक्के. इथे दोन चुका नेहमी दिसतात. मीठ आणि सोडियम एकच समजून आकडा टाकला जातो, आणि तो प्रत्यक्षाच्या अडीचपट होतो. किंवा वरून घातलेल्या साखरेची ओळच गाळली जाते, कारण 'आम्ही साखर घालतच नाही'. तरीही ओळ हवी, आकडा शून्य.

मसाल्यांना आणि मसाल्यांच्या मिश्रणांना, चहाला, मिठाला, एकाच घटकाच्या पदार्थांना या तक्त्यातून सूट आहे. गोडा मसाला विकणाऱ्याला तक्ता लागत नाही, पण शेंगदाणा चटणी ही मसाल्याचं मिश्रण ठरत नाही. ज्या पाकिटाचं पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्यावर घटक आणि पोषणमूल्यं नसली तरी चालतं. मात्र ती छोटी पाकिटं ज्या मोठ्या पॅकमधून विकली जातात, त्यावर हा तपशील द्यावा लागतो.

चिन्हं, तारखा, वजन

शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल. मांसाहारीसाठी पूर्वी तपकिरी गोल होता, २०२० च्या विनियमांनी तो तपकिरी त्रिकोण केला, म्हणजे रंग ओळखण्यात अडचण असलेल्यांनाही फरक कळतो. अंडं मांसाहारी गटात, दूध आणि मध शाकाहारी गटात. चिन्ह पाकिटाच्या दर्शनी बाजूवर, पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ असावं लागतं. अगदी लहान पाकिटावरसुद्धा त्याचा व्यास ३ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही.

एफएसएसएआयच्या लोगोसोबतचा क्रमांक १४ अंकी असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना आणि २ असेल तर नोंदणी. धंदा वाढला आणि नोंदणीवरून परवान्यावर गेलात, तर क्रमांक बदलतो. हे विसरून जुना क्रमांक छापत राहणारे पुष्कळ आहेत.

तारखांत उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' या अनिवार्य आहेत. 'बेस्ट बिफोर' जास्तीची म्हणून देता येते, पण एक्स्पायरीच्या जागी नाही. टिकण्याची मुदत तीन महिन्यांपर्यंत असेल तर दिवस, महिना, वर्ष तिन्ही लागतात. त्याहून जास्त असेल तर महिना आणि वर्ष पुरतं. दोन्ही तारखा एकाच जागी हव्यात.

वैधमापनच्या बाजूने पाहिलं तर वजनाचं चिन्ह 'जी' आणि 'केजी' असं एकवचनी इंग्रजी अक्षरांतच. 'जीएमएस' ही सवयीची चूक आहे. वजनाआधी 'सुमारे', 'किमान', 'सरासरी' असले शब्द चालत नाहीत. एक किलोपेक्षा कमी माल असेल तर प्रति ग्रॅम भाव द्यायचा: ९० रुपयांच्या २०० ग्रॅम पाकिटावर ०.४५ रुपये प्रति ग्रॅम. वाढीव एमआरपीचा स्टिकर लावता येत नाही. कमी केलेल्या किमतीचा लावता येतो, पण मूळ किंमत झाकता कामा नये.

छपाईत एक साधी शिस्त पैसे वाचवते. बॅच, तारखा, एमआरपी आणि प्रति ग्रॅम भाव यांसाठी डिझाइनमध्ये कोरी चौकट ठेवा आणि ते पॅकिंगच्या वेळी कोडिंग मशिनने छापा. तेलकट पदार्थ भरताना पाऊचच्या बाहेर तेल लागलं तर ही शाई बोटाने पुसली जाते, आणि पुसलेली तारीख म्हणजे नसलेली तारीख. कोडिंग भरण्याआधी करा, किंवा ती चौकट सीलपासून दूर ठेवा.

दावे: जिथे दंड मोठा आहे

चुकीच्या लेबलसाठी, म्हणजे मिसब्रँडिंगसाठी, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत. इन्स्टाग्रामची पोस्ट, वेबसाइटवरचं वर्णन, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेलं पोस्टर हे सगळं जाहिरातीत मोडतं. ग्राहक संरक्षण कायद्याखालचं केंद्रीय प्राधिकरणही स्वतंत्रपणे कारवाई करू शकतं.

आकड्यांवर उभे असलेले दावे मोजूनच करावेत. 'शुगर फ्री' म्हणायचं तर १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. 'लो शुगर'साठी घन पदार्थात ५ ग्रॅम, द्रवात २.५ ग्रॅम ही मर्यादा. 'लो फॅट' घन पदार्थात ३ ग्रॅमपर्यंत, द्रवात १.५ ग्रॅमपर्यंत. 'फायबरचा स्रोत' म्हणायला १०० ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम, 'फायबरने समृद्ध'साठी ६ ग्रॅम. 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहून खजुराची पेस्ट किंवा फळांच्या रसाचा कॉन्सन्ट्रेट गोडीसाठी घालणं ही पळवाट नियमाने बंद केलेली आहे. गुळाबद्दलही हाच गैरसमज दिसतो. गूळ घातला तर तो वरून घातलेल्या साखरेतच धरावा लागतो.

शब्दांवरचे दावे जास्त निसरडे. 'नॅचरल' हा शब्द एकाच घटकाच्या, काहीही न मिसळलेल्या पदार्थाला लागू होतो. अनेक घटकांच्या पदार्थाला फार तर 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेला' म्हणता येतं, तेही सगळे घटक त्या कसोटीत बसत असतील तर. ब्रँडच्या नावातच 'शुद्ध', 'अस्सल', 'ताजं', 'पारंपरिक' असा शब्द असेल आणि त्याने दिशाभूल होण्यासारखी असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नाही, अशी सूचना किमान ३ मिलिमीटर अक्षरांत द्यावी लागते. कारखान्यात बनलेल्या मालाला 'घरगुती' म्हणणंही याच कारणाने धोक्याचं. 'डॉक्टरांची शिफारस' आणि 'मधुमेह बरा होतो' हे तर सरळ सोडून द्यावेत. आजार बरा करण्याचा दावा केला की पदार्थ अन्नाच्या चौकटीतून बाहेर पडतो आणि १९५४ चा औषधे व जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींचा कायदाही आड येतो.

बदल कसे ओळखायचे

बातमीत 'नवा नियम आला' असं वाचलं की आधी तो कागद कोणत्या जातीचा आहे ते पाहा. मसुदा असेल तर त्यावर हरकती मागवलेल्या असतात आणि तो अजून लागू नसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूवर ताऱ्यांचं रेटिंग देण्याचा मसुदा आला तेव्हा काहींनी लगेच डिझाइनं बदलायला घेतली, आणि चर्चा मात्र पुढे वर्षानुवर्षं चालू राहिली. अंतिम राजपत्र असेल तर त्यात लागू होण्याची तारीख दिलेली असते. तिसरी जात आहे निर्देशाची. कलम १६(५)चा आधार घेऊन एफएसएसएआय अंतिम राजपत्राच्या आधीच एखादा बदल अमलात आणू शकतं. 'मसुदाच आहे, बघू नंतर' म्हणणारे इथे फसतात, म्हणून निर्देशाचा शेवटचा परिच्छेद नीट वाचावा.

आदेश मागेही घेतले जातात. २१ ऑगस्ट २०२४ रोजी दुधाच्या पदार्थांवरून 'ए१' आणि 'ए२' (दुधातल्या प्रथिनाच्या प्रकारावरचे दावे) काढण्याचा आदेश आला आणि २६ ऑगस्टला तो मागे घेतला गेला. त्या पाच दिवसांत छपाईची ऑर्डर देणाऱ्याचं नुकसान झालं. जून २०२४ मध्ये कॉन्सन्ट्रेटमध्ये (आटवलेल्या रसात) पाणी घालून केलेल्या रसांवरून '१०० टक्के फळांचा रस' काढायला सांगितलं. जुनी पाकिटं संपवायला आधी १ सप्टेंबरची मुदत होती, ती नंतर ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढली. उलट दिशेचं उदाहरण ओआरएसचं, म्हणजे जुलाबात देतात त्या क्षार-साखरेच्या द्रावणाचं. पेयांच्या ब्रँडमध्ये 'ओआरएस' हा शब्द सूचनेसह वापरायची जी मुभा २०२२ आणि २०२४ च्या आदेशांनी होती, ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतली गेली. जुलाबाने बेजार झालेल्या मुलाला ओआरएस समजून साखरेचं पेय पाजलं जाऊ नये, हे त्यामागचं कारण आहे आणि ते अगदी योग्य आहे.

लेबलचे बदल शक्यतो दरवर्षी १ जुलैपासून लागू करायचे, असं एफएसएसएआयचं धोरण आहे. त्याचा उपयोग करून घ्या. एप्रिल ते जून या काळात छापील रोलची मोठी ऑर्डर देऊ नका, आणि त्याआधी हातातला साठा मोजा. महिन्यातून एकदा एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर राजपत्र अधिसूचना आणि आदेश-सूचना ही दोन पानं, आणि ग्राहक व्यवहार विभागाचं वैधमापनचं पान उघडायचं. प्रत्येक नव्या कागदाला चार प्रश्न विचारायचे: कोणत्या पदार्थाला, कधीपासून, जुन्या पाकिटांचं काय, आणि याने आधीचा कोणता आदेश रद्द झाला. उत्तरं फाइलमधल्या तक्त्यात लिहायची.

माल बाहेरून येतो तेव्हा

आयातीसाठी आयईसी (आयात-निर्यातदाराचा) क्रमांक आणि एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना लागतो, उलाढाल कितीही छोटी असो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमकडे द्यायचं आयातीचं विवरणपत्र, भरल्यावर माहिती एफएसएसएआयच्या आयात प्रणालीत जाते. तिथला प्राधिकृत अधिकारी आधी कागद तपासतो, मग मालाची प्रत्यक्ष पाहणी करतो आणि नमुन्याचे दोन भाग घेतो. एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखून ठेवला जातो. सगळं जुळलं तर एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), नाहीतर नकाराचा अहवाल, आणि मग माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं.

मुदतीचा नियम बारकाईने समजून घ्यावा. आयातीच्या वेळी एकूण मुदतीच्या ६० टक्के किंवा एक्स्पायरीआधी तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक हवी. १२ महिने टिकणाऱ्या सॉसला ६० टक्के म्हणजे सात महिन्यांहून जास्त, त्यामुळे तीन महिनेच पुरतात. ६० दिवस टिकणाऱ्या चीजला मात्र ३६ दिवस शिल्लक हवेत. जहाजाने यायला २५ दिवस लागले तर तो माल बंदरातच बाद, म्हणून असा माल विमानानेच मागवावा लागतो.

लेबलमधल्या काही उणिवा कस्टमच्या ताब्यातल्या गोदामात, निघणार नाही असा एकच स्टिकर लावून भरून काढता येतात: आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो व परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. घटकांची यादी, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक हे मूळ लेबलवरच हवेत. अनेक देशांत फक्त 'बेस्ट बिफोर' छापायची पद्धत आहे आणि उत्पादनाची तारीख नसते. नेमका तिथेच माल अडतो. ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराकडून पाकिटाच्या सर्व बाजूंचे फोटो मागवा, ड्रॉइंग नको. सोबत घटकांची पूर्ण यादी घेऊन प्रत्येक अ‍ॅडिटिव्ह इथे त्या प्रकारच्या पदार्थात चालतं का ते तपासा. दुसऱ्या देशात ते कायदेशीर आहे एवढं पुरत नाही. ठरावीक २४ पिकांच्या मालाला जनुकीय बदल नसल्याचं प्रमाणपत्रही १ मार्च २०२१ पासून लागतं, आणि अनवधानाने झालेल्या भेसळीची मर्यादा १ टक्का आहे.

नमुना घेतला गेला तर

अन्न सुरक्षा अधिकारी बाजारातून नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करतो. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (डेझिग्नेटेड ऑफिसर) राहतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्ही त्याच वेळी लेखी करू शकता. खर्च तुमचा, पण हा हक्क माहीत नसल्याने फार थोडे लोक तो वापरतात. विश्लेषकाचा अहवाल विरोधात आला, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेत जाऊ शकतो. हे ३० दिवस अहवाल हाती पडल्याच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून अहवालाचा लिफाफा फोडण्याआधी त्यावर मिळाल्याची तारीख घाला आणि पोस्टाचा शिक्का जपून ठेवा.